दोन टिंबांची किंमत

आपल्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही जेमतेम अकरा जण आहोत. मराठी पानासाठी लेख मागितला की कोणी गणपतीवर लिहितो, कोणी गडकिल्ल्यांवर, कोणी आजोळच्या सुट्टीवर. मागच्या वर्षी मी राजगडावर लिहिले होते. या वर्षी मी माझ्या एका चुकीवर लिहिणार आहे. ती चूक मी अकरावीत असताना, एका शनिवारी संध्याकाळी, प्रेप सुरू होण्याआधीच्या वीस मिनिटांत केली. ती वाचून एखाद्या ज्युनियरचा शनिवार वाचला, तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आधी त्या यंत्राची ओळख करून देतो. संगणक प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, स्टॅबिलायझरशेजारी, एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. क्लबमधली मुले त्याला 'सुभेदार साहेब' म्हणतात, कारण तो फारसा कुठे दिसत नाही, पण सगळे त्याच्याच हुकमाने चालते. त्याच्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. बारावीच्या कॅडेट्सच्या सराव परीक्षा त्याच्यावरून होतात. दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने त्याच्यात शिरायचे आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून काम करायचे, अशी पद्धत.

लिनक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या खात्याला 'रूट' म्हणतात. आमच्या यंत्रावर रूट म्हणून थेट शिरणे बंद ठेवलेले आहे, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी ज्याला परवानगी आहे त्याने आज्ञेच्या आधी 'सुडो' हा शब्द लिहायचा. तेवढ्या एका आज्ञेपुरता त्याला रूटचा अधिकार मिळतो. कोणाला, कोणत्या कामासाठी हा अधिकार आहे, त्याची यादी 'सुडोअर्स' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. आपल्या भाषेत सांगायचे तर कोतच्या चाव्या कोणाकडे द्यायच्या, त्याची ही नोंदवही.

मी क्लबचा सेक्रेटरी होतो. सरांनी मला सुडोचा अधिकार दिला होता आणि एकच अट घातली होती, "एखादी सिस्टिम फाईल बदलायची असेल, तर आधी मला विचार."

त्या शनिवारी मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारावीच्या 34 कॅडेट्सची एन. डी. ए.ची सराव परीक्षा होती. आधीच्या परीक्षेत वेबसर्व्हर मध्येच अडकला होता आणि तो पुन्हा सुरू करायला सरांना मेसमधून बोलावून आणावे लागले होते. मला वाटले, प्रयोगशाळेत ड्यूटीवर असणाऱ्या कॅडेट्सना तेवढी एक आज्ञा पासवर्डशिवाय वापरू द्यावी. सुडोअर्समध्ये एक ओळ वाढवली की काम झाले. कल्पना वाईट नव्हती. सरांना सांगितली असती तर त्यांनी होकारच दिला असता.

इथे थोडे एडिटरबद्दल सांगायला हवे. मजकुराच्या फाईली बदलण्याच्या प्रोग्रामला टेक्स्ट एडिटर म्हणतात, आणि आमच्या क्लबमध्ये त्यावरून दोन तट होते. एक तट 'व्हीआय'चा. हा एडिटर बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिला. आज आपण बहुधा त्याचा सुधारलेला वंशज 'व्हिम' वापरतो, जो ब्रॅम मोलेनार यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा तट 'नॅनो'चा. नॅनो सोपा आहे, कारण कोणती कळ दाबली की काय होते हे तो पडद्याच्या तळाशी लिहूनच ठेवतो. व्हीआय शिकायला अवघड आहे. त्यात शिरलेल्या नवख्याला बाहेर कसे पडायचे तेच कळत नाही. मी व्हीआयच्या तटातला. माझी बोटे त्यावर बसली होती आणि तेवढ्यावरून मी स्वतःला तयार समजत होतो. कोणता एडिटर चांगला, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. कोणता सुरक्षित, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नव्हता.

मी सुडो लावून व्हीआयमध्ये ती फाईल उघडली. फाईलच्या अगदी वरच्या ओळींतच सूचना होती की ही फाईल 'विसुडो' या आज्ञेनेच बदलली पाहिजे. मी ती वाचली आणि खाली गेलो. बदल करायला लागताच व्हीआयने इशारा दिला की ही फाईल फक्त वाचण्यासाठी आहे. तोही मी पाहिला. माझी ओळ लिहिली. फाईल जतन करताना व्हीआय पुन्हा अडला, तेव्हा मी आज्ञेपुढे उद्गारचिन्ह टाकले. त्याचा अर्थ असा की, मला माहीत आहे मी काय करतो आहे, तू गप्प बस. फाईल जतन झाली. कोणी तक्रार केली नाही. मी खूश होऊन प्रेपला गेलो.

जेवणानंतर सर प्रश्नपत्रिका चढवायला बसले. ती ठेवायचे फोल्डर फक्त रूटलाच उघडता येते. त्यांनी सुडो लिहिले आणि उत्तर आले की सुडोअर्स फाईलच्या 27 व्या ओळीपाशी चूक आहे, नियमांची ग्राह्य यादी सापडत नाही, म्हणून थांबतो. सरांनी पुन्हा प्रयत्न केला. तेच उत्तर. सरांना नाही, मला नाही, कोणालाच आता सुडो वापरता येत नव्हते. आणि ती ओळ दुरुस्त करायची तर फाईल उघडायला सुडोच लागणार. कोतची चावी कोतमध्येच राहिली होती आणि दार बाहेरून बंद झाले होते.

चूक काय होती? पासवर्ड विचारू नये असे सांगणारा जो शब्द असतो, त्याच्यापुढे दोन टिंबे द्यावी लागतात, एकावर एक. ती मी दिली नव्हती. बस, एवढेच. आमच्या यंत्रावरचा सुडो जुना होता. यादीत एक ओळ जरी कळली नाही, तरी तो सगळी यादीच नाकारायचा. नव्या आवृत्त्यांमध्ये चुकीची ओळ बाजूला ठेवून पुढे जाण्याची सोय झाली आहे. पण जुना सुडो जे करत होता, त्यामागेही विचार होता. चाव्यांच्या नोंदवहीत खाडाखोड दिसली, तर चांगला संत्री कोणालाही आत सोडत नाही.

आपल्या मराठीत 'ध चा मा करणे' असा वाक्प्रचार आहे. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी, की गारद्यांना दिलेल्या लेखी हुकमात 'धरावे' असे होते, ते एक अक्षर बदलून 'मारावे' केले गेले. प्रत्यक्षात कागदावर काय घडले, तो इतिहासकारांचा विषय. पण लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचे की सगळा दोष त्या अक्षराचा. त्या रात्री प्रयोगशाळेत वेगळाच विचार मनात आला. तो हुकूम अमलात आणण्याआधी कोणी उलट विचारून खात्री का करून घेतली नाही?

आता या लेखातला सगळ्यात लाजिरवाणा भाग. सरांनी विचारले, "शेवटी इथे कोण होते?" कोणीतरी आठवीच्या एका कॅडेटचे नाव घेतले. तो बिचारा संध्याकाळी केबल गुंडाळून कपाटात ठेवायला आला होता. त्याला हाऊसमधून बोलावून आणले. तो सावधान स्थितीत उभा राहून "नो सर, नो सर" म्हणत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो. एक मिनिट गेले असेल. ते एक मिनिट मी गप्प राहिलो, हे मी इथे लिहून ठेवतो. मग मी पुढे होऊन सांगितले, "सर, मी केलं. व्हीआयने उघडली होती. तुम्हाला विचारलं नव्हतं."

सर रागावले नाहीत. त्यांनी त्या मुलाला पाठवून दिले, ड्यूटी मास्तरांकडून लाइट्स आउटनंतर थांबायची परवानगी काढली आणि मला म्हणाले, "पडदा आणि कीबोर्ड उचलून आण. दुरुस्त तू करणार आहेस."

सुभेदार साहेबांना पडदा जोडला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. सुरू होताना 'ग्रब' नावाचा जो तक्ता दिसतो तिथे थांबून, लिनक्स सुरू करणाऱ्या ओळीच्या शेवटी आम्ही सूचना जोडली की नेहमीचा कारभार सुरू करू नकोस, फक्त एक साधी आज्ञा-खिडकी उघड. ती खिडकी रूटच्या अधिकाराने उघडते. त्या वेळी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, ती लिहिण्याजोगी करून घेतली. मी सवयीने व्हीआय टाइप करू लागलो. सरांनी माझ्या मनगटावर बोट ठेवले. "विसुडो," ते म्हणाले.

फाईल उघडली. 27 व्या ओळीत दोन टिंबे घातली. बाहेर पडलो. मग फक्त तपासणी करणारी आज्ञा दिली. उत्तर आले की फाईल ठीक आहे. यंत्र पुन्हा चालू केले आणि सुडो चालले. दहा वाजायला वीस मिनिटे होती.

मला वाटले संपले. पण सरांनी मला पुन्हा बसवले. "आता तीच चूक विसुडोमध्ये मुद्दाम कर." मी दोन टिंबे पुसली आणि जतन करून बाहेर पडलो. या वेळी फाईल बदललीच नाही. विसुडोने सांगितले की 27 व्या ओळीत चूक आहे, आणि विचारले की आता काय करायचे? एक अक्षर दाबून पुन्हा दुरुस्त करायला जाता येते, दुसरे दाबून काही न बदलता बाहेर पडता येते. तिसरा मार्गही आहे, चूक असतानाही जतन करण्याचा. पण त्यासाठी मोठे अक्षर दाबावे लागते आणि तो धोक्याचा आहे हे तिथेच सांगितलेले असते.

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की विसुडो हा वेगळा एडिटर नाहीच. नावात व्हीआय असले तरी तो तुम्हाला हवा तो एडिटर उघडू शकतो. आमच्या डेबियनवर तर आपणहून नॅनोच उघडतो. त्याचे काम एडिटरच्या भोवतीचे. एका वेळी दोघांनी फाईल बदलू नये म्हणून तो तिला कुलूप लावतो. मूळ फाईलला हात न लावता तुम्हाला तात्पुरती प्रत देतो. तुम्ही बाहेर पडलात की ती प्रत व्याकरणाच्या दृष्टीने वाचून पाहतो. ती बरोबर असेल तरच मूळ फाईलच्या जागी ठेवतो. व्हीआय की नॅनो, हे आमचे भांडण दोन बंदुकांपैकी कोणती हातात चांगली बसते, यावरचे होते. रेंजवरचे सुरक्षेचे नियम त्यात कुठेच नव्हते.

एन. सी. सी.च्या प्रत्येक कॅडेटला हे नियम पाठ असतात. फायरिंग झाले की उस्ताद म्हणतात, "निरीक्षण के लिए, जाँच शस्त्र." रायफल कितीही ओळखीची असो, आपण कितीही जुने असू, चेंबर रिकामे आहे हे दाखवल्याशिवाय कोणी जागा सोडत नाही. उस्तादांचा आपल्यावर विश्वास नसतो असे नाही. माणूस थकला, घाईत असला किंवा खुशीत असला की त्याच्या हातून चूक होते, हे ठाऊक असते म्हणून हा नियम. मी त्या संध्याकाळी खुशीत होतो.

रविवारी घरी फोन करायचा वार. माझे बाबा सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना संगणकातले फारसे कळत नाही. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "संदेश मिळाल्यावर परत वाचून दाखवायला तुला कुणी शिकवलं नाही का रे?" मग त्यांनी सांगितले की वायरलेसवर महत्त्वाचा संदेश आला, की घेणारा तो जसाच्या तसा उलट वाचून दाखवतो, आणि पाठवणारा "बरोबर" म्हणाला की मगच तो पुढे जातो. "आमचं ब्रीद ठाऊक आहे ना तुला? तीव्र चौकस. तू नुसता तीव्र झालास." मी म्हटले, "हो बाबा, तुम्ही म्हणता ते खरं आहे." फोन ठेवल्यावर हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

त्यानंतर वर्षभर मी क्लबमध्ये हाच विषय धरून बसलो. जे शिकलो, ते थोडक्यात लिहितो.

पहिले म्हणजे, ज्या प्रोग्राममध्ये आपण पत्रे आणि निबंध लिहितो, त्यात सिस्टिमच्या फाईली कधी उघडू नयेत. तो आपल्या सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो, वाक्याचे पहिले अक्षर मोठे करतो. निबंधात हे छान दिसते. यंत्राला मात्र ती वेगळीच अक्षरे वाटतात. तसेच विंडोजमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात आणि लिनक्समध्ये एकच. विंडोजवर लिहून आणलेली फाईल डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि तरीही चालत नाही. नॅनोच्या जुन्या आवृत्त्या लांब ओळ आपणहून तोडून दोन ओळी करायच्या. 2019 च्या चौथ्या आवृत्तीपासून ती सवय गेली. जुन्या यंत्रावर असाल तर याकडे लक्ष असू द्या.

दुसरे म्हणजे, ज्या फाईलसाठी खास मार्ग आहे तिथे तोच वापरावा. सुडोअर्ससाठी विसुडो. वापरकर्त्यांच्या यादीच्या फाईलसाठी 'विपीडब्ल्यू' आहे, तीही फाईलला कुलूप लावते. इतर फाईलींसाठी 'सुडोएडिट' बरी. ती प्रत काढून देते, तुमचा एडिटर साध्या अधिकारानेच चालवते आणि बदल झाला असेल तरच प्रत जागेवर ठेवते. पण ती व्याकरण तपासत नाही. ते काम त्या त्या प्रोग्रामला सांगावे लागते. दुरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेची आणि वेबसर्व्हरची फाईल आधी नुसती तपासून घेण्याची आज्ञा असते. डिस्क कुठे जोडायच्या ते सांगणारी 'एफएसटॅब' ही फाईलही तपासता येते. ती चुकली तर यंत्र सुरू होतानाच अडकू शकते.

तिसरे म्हणजे, तपासणीला मर्यादा आहेत. विसुडो व्याकरण पाहतो, हेतू पाहू शकत नाही. शुद्ध व्याकरणात लिहूनही मी स्वतःचाच अधिकार काढून घेऊ शकतो, किंवा नको त्याला सगळा देऊ शकतो. म्हणून बदलाआधी जुन्या फाईलची प्रत ठेवावी. रूटचा अधिकार असलेली एक दुसरी खिडकी उघडी ठेवावी, आणि बदल चालतो आहे याची खात्री झाल्यावरच ती बंद करावी. शक्य असेल तर शेजारी कोणालातरी बसवून ओळ मोठ्याने वाचून दाखवावी. बाबांचे वायरलेसचे तंत्र इथे जसेच्या तसे लागू पडते.

आणि एडिटर? तुम्हाला ज्यात काही न बदलता बाहेर पडता येते तो घ्या. आम्ही आता नवीन मुलांना सगळ्यात आधी हेच शिकवतो. फाईल उघडा, काहीतरी बिघडवा, आणि जतन न करता बाहेर या. दहा वेळा. व्हीआय असो की नॅनो, हे जमल्याशिवाय कोणाला सुडोचा अधिकार मिळत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या रात्री सगळे सुरळीत झाल्यावर सरांनी मला सुडोची नोंद उघडून दाखवली. सुडोने दिलेली प्रत्येक आज्ञा नोंदली जाते. तिथे माझे नाव होते, वेळ होती आणि मी कोणत्या एडिटरने कोणती फाईल उघडली तेही होते. सर म्हणाले, "यंत्र सुरू झाल्यावर मी हे बघणारच होतो. तू आधी बोललास ते बरं झालं." मी काही उत्तर दिले नाही, कारण मला ते एक मिनिट आठवत होते.

तो आठवीतला मुलगा आता नववीत आहे आणि क्लबमध्ये आहे. मी त्याची माफी मागितली होती. तेव्हा तो फक्त "ओके सर" म्हणाला होता. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा विसुडोमध्ये एक ओळ लिहिली. मी शेजारी बसलो होतो. बाहेर पडण्याआधी त्याने ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली, दोन टिंबांपाशी थांबून पडद्यावर बोट ठेवले, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "जाँच शस्त्र."

मी म्हटले, "बरोबर." मग त्याने कळ दाबली.